टॅक्सिस म्हणजे काय, आणि टॅक्सीशी त्याचं नातं आहे का?

जीवशास्त्रातला 'टॅक्सिस' शब्द कुठून आला, त्याचे अर्थ कोणते आणि टॅक्सीशी त्याचं काही नातं आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी म्हापशाला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. वर्गात हा प्रश्न हमखास येतो.

टॅक्सीचं आधी उरकतो. ती आली टॅक्सीमीटरवरून, आणि त्यामागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'टाक्सा', म्हणजे कर किंवा आकार. (गोव्यात बसून टॅक्सीच्या मीटरबद्दल बोलायचं म्हणजे जरा धाडसच!)

टॅक्सिस मात्र ग्रीक, आणि मूळ अर्थात हालचाल नाहीच. 'तास्सेइन' म्हणजे मांडणे, रांगेत उभं करणे. 'ताक्सिस' म्हणजे मांडणी, क्रम. अथेन्सच्या सैन्यात पायदळाच्या तुकडीलाही ताक्सिस म्हणत, तिचा नायक ताक्सिआर्क. सिंटॅक्स, टॅक्टिक्स, टॅक्सॉनॉमी, झालंच तर टॅक्सिडर्मी, सगळे त्याच घरातले. शल्यचिकित्सेत हर्निया हातानं दाबून आत बसवतात, त्यालाही टॅक्सिस हेच नाव.

जीवशास्त्रात मुद्दा नुसत्या हलण्याचा नाही, उद्दीपकाच्या, म्हणजे प्रकाश, रसायन अशा हालचाल घडवून आणणाऱ्या गोष्टीच्या, दिशेशी स्वतःला जुळवून घेण्याचा आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर रात्री वाळूतून वर आलेलं ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू बघा. जमिनीपेक्षा समुद्राकडचं क्षितिज उजळ असतं, म्हणून ते तिकडे तोंड करून वल्ह्यांसारखे पाय मारत सुटतं. हा प्रकाशाकडे जाणारा, म्हणजे धन फोटोटॅक्सिस. मागे शॅकचे दिवे लागलेले असले की तेच पिल्लू उलटं जमिनीकडे निघतं. उजेडापासून पळणारा जीव असेल तर ऋण.

उलट, ओल्या चिऱ्याखाली सापडणारे, हात लावताच गोळी होणारे किडे कोरड्या जागी जास्त पळतात आणि ओल लागली की मंदावतात. दिशा अशी नसतेच, तरी शेवटी सगळे ओलीत जमतात. ते कायनेसिस. रोपाचा शेंडा खिडकीकडे वळतो ते अनुवर्तन. रोप जागा सोडत नाही.

रसायनाकडे जाणं म्हणजे केमोटॅक्सिस. 1884 मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म फेफर यांनी नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाकडे पोहत जातात हे दाखवलं. पुस्तकात उदाहरण मात्र ई. कोलाय जिवाणूचंच असतं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात अडचणीचं. त्याला सुकाणू नाही. तो थोडा सरळ पोहतो, गटांगळी खातो, मग कुठल्याही दिशेला निघतो. फक्त अन्नाचं प्रमाण क्षणापूर्वीपेक्षा वाढतंय असं कळलं की गटांगळ्या कमी करतो, आणि तेवढ्यावर अन्नाकडे सरकत जातो. काटेकोर बघितलं तर हे कायनेसिसच्याच जवळचं. पण रूढ नाव केमोटॅक्सिस आहे, परीक्षेत तेच लिहा.