अंडी उचलून दुसरीकडे पुरली तर खराब होत नाहीत का?

बडोद्याहून मुलांना घेऊन मार्चमध्ये कोकणातल्या वेळासच्या कासव महोत्सवाला, म्हणजे समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला जाताय, पण तिथे अंडी उचलून कुंपणात पुरतात हे ऐकून शंका आली, असं तुम्ही लिहिलंय. शंका रास्त आहे. चुकीच्या वेळी हलवली तर अंडी जातातच.

अंडं घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून, वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं की संपलं. म्हणून कासवमित्र (घरटी राखणारे गावकरी) पहाटेच पुळणीवर फिरतात. मादीचा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. तो संपतो तिथे काठीने हलकेच चाचपलं की घरट्यावरची वाळू भुसभुशीत लागते. अंडी सकाळीच, वरची बाजू वरच ठेवून उचलायची. ऑलिव्ह रिडले या इथल्या समुद्री कासवाची एका घरट्यात साधारण १००-१२० असतात.

नवा खड्डाही मूळ घरट्यासारखाच हवा: मडक्यासारखा, तोंड निमुळतं, तळ रुंद, खोली साधारण दीड फूट, भरतीच्या रेषेच्या वर. उथळ झाला तर वाळू जास्त तापते. वाळूच्या उबेवर पिल्लू नर की मादी हे ठरतं. २९-३० अंशांच्या वर माद्याच जास्त, त्याहून बरंच वर गेलं तर पिल्लंच मरतात.

माझ्या मते घरटं सुरक्षित असेल तर जागचं हलवूच नये. पण कोल्हे, कुत्री आणि अंडी पळवणारी माणसं असताना तेवढी चैन परवडत नाही. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ मध्ये काम सुरू केलं तेही त्यामुळेच.

पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी वर येतात. तुम्ही जाल त्या दिवशी एकही आलं नाही असंही होतं, मुलांना आधीच सांगून ठेवा. पिल्लांना हात लावायचा नाही, उचलून पाण्यात सोडायचं नाही. वाळूवरून त्यांचं त्यांना चालू द्यायचं. ती उजेडाकडे धावतात, त्यामुळे मोबाईलचा फ्लॅश आणि टॉर्च बंद.

आणि टॅगिंगबद्दल, म्हणजे कासवाच्या पराला क्रमांकाची पट्टी लावण्याबद्दल विचारलंत: ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. टॅग नसता तर ती तिथलीच वाटली असती.

जाता जाता, पावसाळ्यात तुमच्या बडोद्यात विश्वामित्री नदीकाठी सोसायटीत कासव शिरलं तर ते गोड्या पाण्याचं. पायाला नखं आणि बोटांमध्ये पडदा दिसेल, वल्ह्यासारखे पर नसतील. ते समुद्रात सोडलं तर मरेल. वनखात्याला कळवा, तोवर ओल्या गोणपाटाखाली ठेवा.