चटणी कार्टमध्येच राहिली, गिऱ्हाईक गेलं

प्रश्न : घरची शेंगा चटणी आणि कडक भाकरी मी वर्षभरापासून वेबसाइटवर विकते. लोक पाकिटं कार्टमध्ये टाकतात आणि पैसे न भरताच निघून जातात. जाताना 'थांबा, तुमची चटणी राहिली!' असा इशारा दाखवता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, इशारा दाखवता येतो, पण त्यातले शब्द तुमचे नसतील. पूर्वी पान बंद होताना आपलं वाक्य दाखवता यायचं. फसव्या साइट्सनी त्याच वाटेने लोकांना घाबरवून अडकवायला सुरुवात केली, म्हणून क्रोमने २०१६ मध्ये ती सोय काढून टाकली. आता ब्राउझर स्वतःचंच ठरावीक वाक्य दाखवतो. त्यात चटणीचं नाव नसतं, आणि गिऱ्हाईक उलट बिचकतं. मोबाइलवर तर तोही येईल याचा भरवसा नाही.

कोकम आगळ विकणाऱ्या एका कुटुंबाच्या साइटवर मी हा इशारा टाकला होता. मग मावशीला शेजारी बसवून लॅपटॉपवर खरेदी करायला लावली. तिने दोन बाटल्या घेतल्या, पत्ता भरला, पिनकोड चुकला म्हणून पुन्हा भरला आणि शेवटच्या पानावर कुरिअरचे १४० रुपये दिसताच तिचा हात थांबला. "हे आधी का नाही सांगितलं गं?" इशारा आला, तो न वाचताच ती बाहेर पडली. त्याच संध्याकाळी मी तो काढला आणि कुरिअरचा खर्च बाटलीच्या फोटोखाली लिहिला.

तुम्हीही आधी तेच करा. दुसरं, कार्ट जपा. वेबसाइट करून देणाऱ्याला सांगा, कार्ट 'लोकल स्टोरेज'मध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमधल्या साठवणीत, ठेव. घरात विचारून दोन दिवसांनी त्याच फोनवर परतलेल्या बाईला पाकिटं जशीच्या तशी दिसली पाहिजेत.

पानातच छोटी चौकट दाखवायची असेल तर जरूर दाखवा, पण 'नको, मला चांगलं खायचं नाही' असलं बटण ठेवू नका. गिऱ्हाइकाला असं लाजवायला आणि 'शेवटची दोनच पाकिटं' अशी खोटी घाई करायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' (म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणारी मांडणी) मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे. 'तुमची चटणी कार्टमध्ये ठेवली आहे' एवढंच लिहा, खाली व्हॉट्सॲप नंबर द्या. आणि भाकरी किती दिवस टिकते, तेही फोटोखाली लिहून टाका. तुमच्या साइटवर मला ते कुठेच सापडलं नाही.