आठशे फुटाला कोरडं, आता बाराशेला जाऊ का? – माझं उत्तर

दादा, तुमची बोअरची पोस्ट वाचून पोटात गोळा आला बगा. कर्नाटकातल्या चिकोडीकडचं रान, २२० फुटाला ओल, पुढं आठशेपर्यंत नुसती भुकटी, आणि बोअर मारणारा गाडीवाला म्हणतोय बाराशेला पाणी हाय. मी नऊशेला थांबलो, खाली टिपूस नव्हता.

मी काय भूवैज्ञानिक नाही, पण आपल्या काळ्या पाषाणात पाणी दगडात नसतंय, फटीत असतंय. हजार फुटावर वरच्या दगडाचं वजन चौरस मीटरला साडेआठशे टनांच्या आसपास, आणि बोअर काठोकाठ भरलेली धरली तरी तिथं पाण्याचा दाब जेमतेम तीनशे टन. फट आतनं उघडी ठेवायला बघतोय तो पाण्याचा दाब, तो हरतो आणि आडवी फट मिटत जाते. बरं, फट निम्मी झाली की पाणी निम्मं नाही, आठवा हिस्सा येतंय! एखादी मोठी भेग खोलवर लागते कुणाला तरी, नाही म्हणत नाही, पण त्या भरवशावर फुटामागे पैसे मोजायचे नाहीत.

माझा खरा घात एका ऑफिसानं केला. गावातल्या सरकारी हातपंपांना किती फुटाला पाणी लागलं एवढाच कागद मागितला होता. अर्ज कन्नडात आणा, मग ह्या टेबलाला, मग त्या टेबलाला, शेवटी "सायबर इल्ला, नाळि बर्री", म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. इकडं गाडी रानात उभी, एजंट डोक्यावर. पुढं शेजाऱ्यानं माहिती अधिकारात तोच कागद काढला तर सगळं पाणी अडीचशे फुटाच्या आत! एका पानासाठी माणसाला कर्जात घालायचं, आणि वर पगार चालूच.

तर खाली जाऊ नका. २२० च्या फटीवर हायड्रोफ्रॅक्चरिंग करता येतंय का विचारा, म्हणजे बोअर पॅकरनं (फुगणाऱ्या रबरी बुचानं) बंद करून दाबानं पाणी कोंबतात, फटी मोकळ्या होतात. गॅरंटी कोण देत नाही, मीबी नाही. आणि मोठी मोटर टाकू नका, जोरात उपसलं की फटीतला दाब उतरतो आणि दगड तिला आणखी आवळतो.

अजून एक, गाडीवाला "दोन इंची पाणी" म्हणाला तर व्ही-नॉचवर (काटकोनी व्ही खाच पाडलेला पत्रा, खाचेतनं वाहणाऱ्या पाण्याची उंची इंचात मोजतात) स्वतः मोजा. एक इंच म्हणजे तासाला पाचशे लिटर, दोन इंच म्हणजे हजार नव्हे, २,८०० च्या वर.

२२० ला भुकटी लाल आलती की काळी, आणि केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून वरनं घालतात तो पाईप) कुठवर घातलंय, तेवढं लिहा.