डोळे उघडल्यावर मेंदूत काय बदलते?

प्रश्न : डोळ्यात प्रकाश शिरल्यामुळे लहान वयात मेंदूतील प्रथिनांचे प्रमाण बदलते, असे वाचले. यांचा संबंध कसा?

उत्तर : प्रकाश दृष्टिपटलाच्या पुढे जात नाही, पुढे जातात ते विद्युतसंदेश. ते मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्रात पोहोचले की तेथील चेतापेशींत कॅल्शियम शिरते आणि त्यामुळे काही जनुके मिनिटांतच सक्रिय होतात. बीडीएनएफ हे वाढपोषक प्रथिन अशाच मार्गाने वाढते. काही प्रथिने मात्र आधीपासून तयार असतात आणि केवळ जागा बदलतात. उंदराच्या पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. त्यानंतर काही तासांतच पीएसडी-९५ हे आधारप्रथिन पेशींच्या शाखांत, चेतासंधींच्या (दोन चेतापेशींमधील संदेश देण्याघेण्याच्या जोडांच्या) ठिकाणी, जमलेले दिसते. म्हणून ‘प्रमाण वाढले’ असे वाचल्यावर ते संपूर्ण पेशीत वाढले की चेतासंधीवर, हे विचारावे. लोकप्रिय लेखनात हा भेद फार सहज पुसला जातो.

प्रश्न : मग अंधारात वाढलेल्या पिल्लांत ही प्रथिने तयारच होत नाहीत का?

उत्तर : होतात, परंतु त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण कोवळ्या वयातलेच राहते. एनएमडीए ग्राही, म्हणजे चेतासंधीवर संदेश टिपून पेशीत शिरण्याची वाट उघडणारे प्रथिन, हे याचे उत्तम उदाहरण आहे. सुरुवातीला या ग्राहींत ‘२बी’ हा घटक अधिक असतो. त्यामुळे ग्राहीची वाट जास्त वेळ उघडी राहते. वय आणि दृष्टीचा अनुभव वाढेल तसा ‘२ए’ घटकाचा वाटा वाढतो आणि वाट लवकर मिटू लागते. अंधारात वाढवलेल्या उंदरांमध्ये हा बदल रेंगाळतो. मात्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, अशा उंदरांना उजेडात आणल्यावर एक-दोन तासांतच चेतासंधींवरील ‘२ए’ वाढल्याचे आढळले.

यावरून ‘प्रथिन जितके अधिक, तितके चांगले’ असा अर्थ काढू नये. ज्या उंदरांत जनुकीय फेरफाराने बीडीएनएफ लवकर वाढवले, त्यांच्यात अनुभवाने मेंदू घडण्याचा कालखंड लवकर सुरू झाला, पण तो संपलाही लवकर.

प्रश्न : बाळाच्या एकाच डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू आहे. दुसरा डोळा चांगला असताना शस्त्रक्रियेची घाई कशासाठी?

उत्तर : दुसरा डोळा चांगला आहे, हेच घाईचे कारण आहे. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूसंशोधकांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला, तेव्हा दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी उघड्या डोळ्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. या विषयावरील कार्यासाठी १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दोन्ही डोळ्यांचे संदेश एकाच जागेसाठी स्पर्धा करतात आणि अस्पष्ट संदेश देणारा डोळा हरतो. या फेररचनेसाठी नवी प्रथिने लागतात : दृष्टिकेंद्रात प्रथिननिर्मिती औषधाने रोखली, तर एक डोळा बंद ठेवूनही हा पालट होत नाही. म्हणूनच एका डोळ्यातील दाट मोतीबिंदू साधारणपणे पहिल्या सहा आठवड्यांच्या सुमारास काढण्याचा सल्ला देतात. नंतर लेन्स आणि चांगल्या डोळ्यावर ठरावीक वेळ पट्टी, हे उपचार पुढे कित्येक वर्षे चिकाटीने करावे लागतात, आणि माझ्या मते खरी कसोटी तीच असते.

प्रश्न : आहारात प्रथिने वाढवली तर उपयोग होईल का?

उत्तर : नाही. खाल्लेल्या प्रथिनांचे शरीरात अमिनो आम्लांत विघटन होते; त्यांपासून चेतापेशीने काय घडवायचे, हे तिची जनुके आणि तिला मिळणारे संदेश ठरवतात. गंभीर कुपोषणाचा प्रश्न वेगळा आहे.

प्रश्न : अनुभवाने मेंदू घडण्याचा हा कालखंड कायमचा बंद होतो का?

उत्तर : चेतापेशींभोवती हळूहळू शर्करायुक्त प्रथिनांची जाळी विणली जाते आणि बदलाला आवर बसतो. २००२ मध्ये प्रौढ उंदरांतील ही जाळी विकराने विरघळवल्यावर एक डोळा बंद ठेवण्याचा परिणाम पुन्हा दिसू लागला. माणसांत असा उपचार रूढ नाही. तरीही आळशी डोळा (मेंदूने दुर्लक्षिल्यामुळे नजर कमी राहिलेला डोळा) असलेल्या काही मुलांची नजर बाराव्या-तेराव्या वर्षानंतरही पट्टीने सुधारते. त्यामुळे केवळ वय उलटले म्हणून तपासणी टाळू नये.