क्रेडिट कार्ड सेटल केलं, पण सिबिलवर ‘सेटल्ड’ शेरा आला. तो काढता येतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: कार्डाची १,४०,००० रुपयांची थकबाकी दोन वर्षांपूर्वी ६०,००० भरून मिटवली, बँकेने ‘देणे बाकी नाही’ असं पत्रही दिलं, तरी आता गृहकर्ज नाकारलं जातंय. आणि एक एजंट १५,००० रुपयांत सिबिल ‘साफ’ करून देतो म्हणतोय.

आधी एजंटाचं. कृपया त्याला एक रुपयाही देऊ नका आणि पॅन, ओटीपी तर अजिबात नको. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी, स्वतःहून कोणाची नोंद बदलू शकत नाही. बँकेने दुरुस्ती मान्य केली तरच ती बदलते. एजंट फार तर तुमच्या नावाने ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत, टाकतो, जो तुम्हाला फुकट टाकता येतो. नोंद खरी असेल तर बँक ‘माहिती बरोबर आहे’ असं कळवते आणि विषय तिथेच संपतो. शिवाय डिस्प्यूट चालू असेपर्यंत त्या खात्यावर तसा शेरा दिसतो, आणि कर्ज देणारा तो मिटेपर्यंत फाइल बाजूला ठेवतो.

आता मूळ मुद्दा. ‘देणे बाकी नाही’ आणि ‘पूर्ण परतफेड झाली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या पत्राचा अर्थ एवढाच की बँक तुमच्याकडे आणखी पैसे मागणार नाही. पण ८०,००० रुपये तिने सोडून दिले, आणि ‘सेटल्ड’ हा शेरा नेमकं तेच पुढच्या बँकेला सांगतो. त्यामुळे नोंद खरी असेल तर ती बदलायचा खात्रीचा रस्ता एकच: सोडलेली रक्कम भरायची आणि खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवायला लावायचं.

पण पैसे काढण्याआधी रिपोर्ट नीट वाचा. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. चारही काढा, कारण एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते. त्या कार्डाच्या खात्यात पाच गोष्टी पाहा: चालू शिल्लक, थकीत रक्कम, राइट ऑफ (बँकेने बुडीत धरलेली) रक्कम, सेटलमेंटची रक्कम आणि माहिती शेवटची कळवल्याची तारीख. पत्र हातात असताना चालू शिल्लक आणि थकीत रक्कम दोन्ही शून्य दिसायला हवीत. तिथे अजून ८०,००० दिसत असतील तर ती बँकेची चूक आहे. ती एक पैसा न भरता आजच दुरुस्त करून घेता येते, आणि उभी थकबाकी हे ‘सेटल्ड’पेक्षाही वाईट दिसतं.

चूक सापडली तर पत्राची प्रत जोडून बँकेकडे आणि त्या कंपनीकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा. निकाल लागायला एकूण ३० दिवसांची मुदत आहे. त्यातले २१ दिवस बँकेचे. मुदत उलटली तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. विनंती फेटाळली तर कारण कळवावं लागतं. तरीही हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे क्रेडिट माहिती कंपन्यांविरुद्धही तक्रार चालते. तक्रार क्रमांक मात्र जपून ठेवा, तोंडी बोलणं तिथे उपयोगाचं नाही.

नोंद बरोबर असेल तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. वसुली एजन्सीशी बोलत बसू नका. त्यांना रक्कम जमा झाली की पुरतं, रिपोर्टचं काय होतं याच्याशी त्यांचा संबंध नसतो. मजकूर असा ठेवा: ‘सेटलमेंटच्या वेळी सूट दिलेली रक्कम मी भरण्यास तयार आहे. कृपया तिची मुद्दल, व्याज आणि शुल्क अशी फोड द्यावी. रक्कम मिळाल्यावर हे खाते पूर्ण परतफेड होऊन बंद झाले असे चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवले जाईल, याची लेखी खात्री द्यावी.’ फोड मागायचं कारण हे की सोडलेल्या रकमेत दंड आणि व्याजाचा वाटा बराच असू शकतो, आणि घासाघीस तिथेच करता येते. मधल्या दोन वर्षांचं नवं व्याज कोणी लावू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. ते खातं तडजोडीने मिटलेलं आहे, तुम्ही आपणहून भरताय.

लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. बहुतेकांचं इथेच फसतं. आधी भरतात, मग पत्र मागतात, आणि हातात पुन्हा तेच ‘देणे बाकी नाही’ येतं. पैसे थेट कार्डाच्या खात्यात, तुमच्या बँक खात्यातूनच भरा. कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि पत्र एकत्र जपा. खातं एआरसीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तर व्यवहार तिच्याशी होईल, पण हस्तांतराचा कागद आधी मागा आणि बँकेची जुनी नोंदही बंद होणार का, ते लिहून घ्या.

भरल्यावर साधारण महिनाभराने रिपोर्ट पुन्हा काढा. शेरा बदलला नसेल तर वर सांगितलेली तक्रार, या वेळी बँकेचंच पत्र जोडून. एक मात्र आधीच समजून घ्या: शेरा बदलला तरी महिनावार हप्ते किती दिवस उशिरा गेले ते रकाने पुसले जात नाहीत. ३६ महिन्यांचा इतिहास रिपोर्टवर दिसतो. तुमच्या इतर खात्यांवर नवे चांगले महिने जमत जातात, तसं या जुन्या उशिरांचं वजन कमी होतं.

८०,००० आत्ता नसतील तर उसने काढून भरू नका. गृहकर्ज वर्ष-दोन वर्षं पुढे ढकला आणि तेवढ्यात मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. मर्यादा ३०,००० असेल तर महिन्याला पाच-सात हजारांपलीकडे वापरू नका, आणि बिल पूर्ण भरा. किमान रक्कम भरून उरलेली पुढे ढकलली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर जीएसटी सुरू होतो, नव्या खरेदीवर तर पहिल्या दिवसापासून. जिथे सेटलमेंट केलं त्याच बँकेकडे लगेच अर्ज करण्यात अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये आखलेल्या चौकटीनुसार तडजोडीनंतर त्याच बँकेला नवं कर्ज द्यायला किमान १२ महिने थांबावं लागतं. शेतीकर्जाचे नियम वेगळे. तुमची दोन वर्षं झाली आहेत, म्हणजे ही अडचण टळली, पण बँकेचं अंतर्गत धोरण याहून कडक असू शकतं.

आणि सध्या कुठेही नवा अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर नोंदली जाते. नकारानंतर लगोलग तीन-चार ठिकाणी अर्ज गेले की पुढचा अधिकारी शेऱ्याआधी त्या चौकश्याच पाहतो. शेरा बदलल्यानंतर एकाच ठिकाणी जा, बँकेचं पत्र आणि यूटीआरची प्रत अर्जासोबतच द्या, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.