९४ पर्सेंटाइल म्हणजे ९४ टक्के नव्हेत, आणि तुमची रांग कुठली ते आधी बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि २०२२ चा आमचा पावसाळा आठवला. तुमचं घर नाशिकला, मुलगी अकरावी-बारावीला लातूरला, सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताला ९४.६, बारावीला ७१ टक्के, जेईईत (देशपातळीच्या परीक्षेत) ८८, आणि प्रश्न असा की "९४ टक्के असताना पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळेल ना?" आमचं गाव नगर जिल्ह्यात. बाकी सगळं जवळपास हेच. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. मी काही या क्षेत्रातला माणूस नाही, माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा माझं वाचा पण यंदाच्या माहिती पुस्तिकेशी पडताळूनच घ्या.

आधी ९४ चं बघू. आमच्याकडे निकालाच्या दिवशी आजोबांनी गल्लीत पेढे वाटले, ९४ टक्के पडले म्हणून. पोरगी कोपऱ्यात गप्प बसलेली. उत्तरतालिका ताडून तिने आधीच हिशेब केला होता, २०० पैकी शंभराच्या आसपास मार्क होते. निम्मे मार्क आणि ९४ पर्सेंटाइल, दोन्ही खरं. पर्सेंटाइल एवढंच सांगतं की तिच्या सत्रात बसलेल्या दर शंभर मुलांपैकी साधारण ९४ जणांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क आहेत. सत्रं अनेक असतात, एखादा पेपर सोपा तर एखादा अवघड निघतो, म्हणून मार्कांची थेट तुलना न करता हा प्रकार केला जातो. तेव्हा २०० चे ९४ टक्के म्हणून १८८ वगैरे काढत बसू नका. आणि तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून एकूण आकडा चुकलाय म्हणून तक्रारही करू नका. आमचे गणित ९१, फिजिक्स ९५, केमिस्ट्री ९७ होते. सरासरी ९४.३ येते, कार्डावर ९४.९ छापलेले. गणिताचा पेपर १०० चा आणि फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १००, आणि एकूण पर्सेंटाइल एकूण मार्कांवरून वेगळं निघतं. हे कळायला मला चार दिवस आणि दोन भांडणं लागली.

बारावीच्या ७१ टक्क्यांची काळजी सोडा. आमच्या वेळी इंजिनिअरिंगला बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते होते, पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के, राखीवला ४०. जेईईचे ८८ वेगळ्या रांगेतले. ती रांग देशभराची आहे, सीईटीच्या ९४ शी त्याची तुलनाच नाही. खासगी कॉलेजांत ऑल इंडियाच्या थोड्या जागा असतात त्यांना ते चालतं, एवढंच.

आता खरा मुद्दा, ज्यात आमचे पैसे गेले.

कट-ऑफची, म्हणजे कुठली जागा किती पर्सेंटाइलवर बंद झाली त्याची पीडीएफ उघडलीत की प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक ब्रँचखाली कोडांची ओळ दिसते: जीओपनएच, जीओपनओ, जीओपनएस, एलओबीसीएच, असं बरंच काही. पहिलं अक्षर जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांच्याकडे एस असतं, तिथे तुम्ही कुठले हा प्रश्न येत नाही. (सीओईपीचं विचारलंत म्हणून सांगतो, ९४ वर तिथल्या कॉम्प्युटरचा विचार सोडा. तो ९९ च्याही बराच वर बंद होतो.) बाकी बहुतेक कॉलेजांत आमच्या वर्षी ७० टक्के जागा एचला आणि ३० ओला होत्या.

आम्ही नगरचे. नगर, नाशिक आणि पुणे हे तिन्ही जिल्हे पुणे विद्यापीठात. मग आमची होम युनिव्हर्सिटी पुणे, यात शंका ती काय? आधार नगरचं, रेशनकार्ड नगरचं, जातीचा दाखला नगरचा, पोरगी जन्मली नगरला. मी डोळे झाकून एचचा रकाना बघत गेलो. पुण्याच्या एका कॉलेजात आम्हाला हवी ती ब्रँच ओबीसी-एचला ९३.७ वर बंद झालेली. आमचे ९४.९. म्हणजे सव्वा पर्सेंटाइलची मोकळीक! प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रँचचे तसेच अठरा पर्याय भरले, सगळे पुण्यातले, सगळे एच बघून.

होम युनिव्हर्सिटी घरावरून ठरत नाही, ताई. बारावी जिथून पास झाली त्या ठिकाणावरून ठरते. लातूर येतं नांदेडच्या विद्यापीठात. म्हणजे दोन वर्षं लातूरला ठेवल्यामुळे आमची पोरगी पुण्यासाठी 'बाहेरची' झाली होती. त्याच ब्रँचचा ओचा आकडा होता ९६.१. आम्ही दाराबाहेर उभे होतो आणि मी समजत होतो की आत बसलोय.

राग स्वतःवर आहेच, पण तेवढाच नाही. फॉर्म भरल्यावर जी प्रिंट येते, तिच्यावर होम युनिव्हर्सिटीसमोर नांदेडच्या विद्यापीठाचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. मला ते खटकलं. कागदपत्रं तपासायला ज्या केंद्रावर गेलो (नाव घेत नाही), तिथे मी बोट ठेवून विचारलं, "साहेब, हे चुकलंय का?" खिडकीतला माणूस मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बरोबर आहे ते. सिस्टिम घेते आपोआप. त्याचं काही नसतं." सिस्टिम आपोआप घेते हे खरंच होतं. पण "त्याचं काही नसतं" हे त्याने का म्हणावं? तिथेच सगळं होतं. एक वाक्य जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं! तीन तास रांगेत उभं राहून गेलो होतो, मागचे लोक ढकलत होते, मी दाखल्यांची फाइल काखेत मारून बाहेर आलो.

पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. परत त्याच केंद्रावर गेलो तर दुसऱ्या माणसाने सांगितलं, "यंदा कट-ऑफ वाढलाय." मी विश्वास ठेवला. दुसरी फेरीही कोरी गेली. तिसऱ्या फेरीआधी माझ्या पुतण्याने ती प्रिंट हातात घेतली आणि एका मिनिटात विचारलं, "काका, नांदेड का लिहिलंय?" तोवर वेळ निघून गेली होती. घाईत भरलेल्या पर्यायांतून जे मिळालं, ते पोरीला नको होतं. शेवटी कॉलेज पातळीवरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर प्रवेश घेतला. म्हणजे ओबीसीची निम्मी फी-सवलत गेली, कारण ती कॅपमधून (राज्याच्या या एकत्रित प्रवेश फेऱ्यांमधून) प्रवेश असेल तरच मिळते. वर्षाला एक लाख तीस हजार पूर्ण फी, चार वर्षं. सरळ हिशेबाने दोन लाख साठ हजार त्या एका अक्षरापायी. आणि गंमत बघा, नांदेड-लातूर भागातल्या कॉलेजांत ती एचमध्ये होती, तिथला एकही पर्याय मी भरला नव्हता.

तुमच्या बाबतीत तर हे जास्तच महाग पडेल. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण तेही कॅपमधून आलेल्यांनाच. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाही. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं आहे का ते आजच बघा, तहसीलमध्ये ऐन वेळी गर्दी असते.

आता तुम्ही करायचं काय? गेल्या वर्षीच्या कट-ऑफमध्ये पर्सेंटाइलपेक्षा त्याच्या वरचा आकडा बघा, तो मेरिट नंबर असतो आणि पर्सेंटाइल त्याच्या खाली कंसात. किती मुलं बसली त्याप्रमाणे तेच पर्सेंटाइल वेगवेगळ्या नंबरवर येतं. आमच्या वर्षी ९४.९ ला अकरा हजारांच्या घरातला नंबर होता, यंदा तोच असेल असं नाही. मेरिट लिस्ट लागली की तुमचा नंबर घ्या आणि तुमच्या कोडाच्या रकान्यातच तुलना करा. मुलगी असल्यामुळे एल आणि जी दोन्ही रकाने बघा, हे लोक विसरतात.

पर्याय भरपूर भरा. अठरा म्हणजे काहीच नाही. आणि क्रम मनापासून लावा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो ऑटो-फ्रीझ होतो, म्हणजे आपोआप पक्का होतो, पुढे जाता येत नाही. भीतीने 'सेफ' कॉलेज एक नंबरला टाकणारे माझ्या ओळखीत तिघे आहेत. २०२५ पासून फेऱ्या चार झाल्या आणि ऑटो-फ्रीझचं जाळंही पुढच्या फेऱ्यांत मोठं झालंय, तेवढं नीट वाचून घ्या.

पंधरा हजार घेऊन पर्याय भरून देणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. काही चांगले असतीलही. पण मी ज्याला विचारलं होतं त्यानेही एचचाच रकाना दाखवला होता, आणि पोरगी लातूरला शिकली हे त्याला माहीत होतं.

हे वाचून लातूरला पाठवलं ते चुकलं असं मनात आणू नका. पोरीचा अभ्यास तिथेच झाला, आमचीही तिथे रमली होती. फक्त रांग बदलते.

तुमच्या फॉर्मच्या प्रिंटवर होम युनिव्हर्सिटीसमोर काय छापलंय, आणि प्रवर्ग कोणता, एवढं इथेच खाली लिहा. सोमवारी आमचं दुकान बंद असतं, मी गेल्या वर्षीची यादी काढून ओच्या रकान्यातली नाशिक आणि पुण्याची कॉलेजं तुम्हाला काढून देतो. नांदेडची एचमधली पण.