वाचकांचे प्रश्न : मुंबईत बांधलेली तरती गोदी

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत लोखंडकामावर होते. अख्खी युद्धनौका पाण्याबाहेर उचलणारी एक अवाढव्य गोदी मुंबईत बांधली गेली, ती सिलोनला नेली आणि तिथे बुडाली, असे ते सांगत. घरातली इतर मंडळी म्हणतात की ती १९४४ साली गोदीतल्या स्फोटातच गेली. यातले खरे काय? आणि ती बुडाली ती कामात काही कसर राहिली म्हणून का?
— एक वाचक, माझगाव

उत्तर : आजोबांची हकीगत खरी आहे. ब्रिटिश नौदलाची ‘अ‍ॅडमिरल्टी फ्लोटिंग डॉक २३’ ही तरती गोदी युद्धकाळात मुंबईत बांधली गेली आणि तिथून ओढत सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, त्रिंकोमाली बंदरात नेली गेली. सुमारे ५०,००० टन वजन उचलण्याची तिची क्षमता होती. आपण म्हणता तो स्फोट १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर झाला. ही गोदी बुडाली ती त्याच वर्षी ८ ऑगस्टला, त्रिंकोमालीत. दोन्ही घटनांमध्ये चार महिन्यांचेही अंतर नाही, तेव्हा घरच्या आठवणींत त्या एकमेकींत मिसळल्या असल्यास नवल नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. सिंगापूरच्या नौदल तळावर १९२८ पासून ५०,००० टनांची एक तरती गोदी होती आणि १९३८ मध्ये तिच्या जोडीला जमिनीत बांधलेली मोठी सुकी गोदीही आली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि दोन्ही हातच्या गेल्या. त्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केल्यावर ब्रिटिशांच्या पूर्व आरमाराचा मोठा भाग पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंडिनीला मागे सरला, आणि १९४४ मध्ये तो पुन्हा त्रिंकोमालीला आला तेव्हा मोठ्या युद्धनौकांची तळसफाई व दुरुस्ती करायची कुठे, हा प्रश्न उभा राहिला. मुंबईची ह्यूजेस सुकी गोदी तब्बल १,००० फूट लांब होती खरी, पण तिची रुंदी १०० फूट. ‘व्हॅलियंट’सारख्या युद्धनौकेची रुंदी, टॉर्पेडोंपासून बचावासाठी कुशीला जोडलेले फुगवटे धरून, सुमारे १०४ फूट होती. त्या चार फुटांना कोणाचाच इलाज नव्हता.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येऊ. तरती गोदी म्हणजे तळाशी पाण्याच्या टाक्यांची रांग आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेला, दोन टोकांना उघडा असा लोखंडी सांगाडा. टाक्यांत पाणी घेतले की तो खाली बसतो, जहाज दोन भिंतींच्या मधे आणून ठोकळ्यांच्या बरोबर वर उभे करतात, आणि मग पंपांनी टाक्या उपसल्या की गोदी जहाजासकट वर येते. सारे कसब या उपसण्यात आहे. युद्धनौकेचे वजन तिच्या लांबीभर सारखे पसरलेले नसते. तोफांचे मनोरे, त्यांच्याखालची दारूगोळ्याची कोठारे आणि बॉयलर जिथे असतात तिथे ते एकवटते, आणि नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) व वरामाकडे (मागच्या टोकाकडे) ते झपाट्याने कमी होते. म्हणून जिथे भार जास्त तिथल्या टाकीतून पाणी जास्त काढावे लागते. तसे न केल्यास गोदीचा एक भाग वर रेटला जातो, दुसरा खाली दबतो आणि हा सगळा ताण तिच्या पोलादाला सोसावा लागतो. गोदी वाकते आहे का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे : भिंतीच्या माथ्यावर दोन टोकांना आणि मध्यावर अशा तीन खुणा असतात, एका टोकाला डोळा लावून माणूस त्या एका रेषेत दिसतात का ते पाहत राहतो, आणि मधली खूण रेषेतून जरा ढळली की पंप थांबवून पाण्याचा हिशेब पुन्हा मांडला जातो.

‘व्हॅलियंट’ने २५ जुलै १९४४ रोजी सुमात्राजवळच्या सबांगवर तोफा डागल्या होत्या. दोन आठवड्यांनी ती या गोदीत चढली तेव्हा तिच्या कोठारांत दारूगोळा पूर्ण भरलेला होता. जहाजाचे एकूण वजन गोदीच्या क्षमतेच्या बरेच आत होते. मात्र टाक्या ज्या क्रमाने उपसल्या गेल्या तो त्या वजनाच्या विभागणीशी जुळणारा नव्हता. गोदीच्या टोकांवर अतोनात ताण आला, तिचा कणा मोडला आणि ती जहाजाखालीच बुडू लागली. त्या दुर्घटनेच्या हकीगतींत कारण सांगितले जाते ते हेच, आणि त्यात मुंबईच्या कारागिरांकडे बोट दाखवण्यासारखे काही नाही. आजोबांच्या कामाविषयी आपण निर्धास्त असावे.

सुदैवाने जहाजाचे बॉयलर चालू होते, म्हणून ते गोदीबरोबर तळाला गेले नाही. तरी चार पंख्यांपैकी आतले दोन आणि सुकाणू निकामी झाले. नीट दुरुस्तीसाठी अलेक्झांड्रियाला जायचे म्हणून ‘व्हॅलियंट’ ताशी जेमतेम आठ सागरी मैल वेगाने, तेही सरळ रेषेत न चालता, सुएझच्या उपसागरापर्यंत पोहोचली. अशा अवस्थेत कालव्यात शिरणे मात्र अशक्य होते. तिथे पीटर कीबल या पाणबुड्या अधिकाऱ्याने पाण्याखाली जाऊन आतल्या दोन पंख्यांचे दांडे कापून काढले. पुढे ती इंग्लंडला गेली, पण लढाईवर परतली नाही, आणि १९४८ मध्ये भंगारात निघाली. जटलंडच्या १९१६ च्या लढाईपासूनची ही नौका. १९४१ मध्ये मॅटापानच्या सागरी लढाईत पुढे राणी एलिझाबेथचे पती झालेले प्रिन्स फिलिप तिच्यावरच्या शोधदिव्यांपाशी होते, आणि त्याच वर्षी अलेक्झांड्रियात इटालियन पाणबुडे सैनिकांनी लावलेला सुरुंगही तिने सोसला होता. शत्रूला जे जमले नाही ते स्वतःच्याच गोदीने केले.

प्रश्न : आपल्या नौदलाकडे आज अशी तरती गोदी आहे का?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : आहे. ‘एफडीएन-१’ ही जपानमध्ये बांधलेली गोदी पोर्ट ब्लेअरला आली, आणि ‘एफडीएन-२’ चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली येथे लार्सन अँड टुब्रोने बांधली. तिचे जलावतरण जून २०१७ मध्ये झाले. ती १८५ मीटर लांब असून ८,००० टनांपर्यंतची जहाजे उचलू शकते, म्हणजे मुंबईच्या त्या गोदीच्या मानाने बरीच लहान. विमानवाहू जहाजांसाठी मुंबईच्या नौदल गोदीत २८१ मीटर लांबीची स्वतंत्र सुकी गोदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचे उद्घाटन झाले.